आधी ऐका, मग बटण दाबा: पोलीस वायरलेस पहिल्यांदा हाती घेणाऱ्यांसाठी

जालन्याच्या किंवा लातूरजवळच्या बाभळगावच्या प्रशिक्षण केंद्रातून बाहेर पडून ठाण्यात हजर झालेल्या शिपायाच्या हाती लवकरच वायरलेसचा सेट येतो. होमगार्डला तो यात्रेच्या बंदोबस्तात मिळतो. चालू-बंद कुठून करायचं, आवाज कसा वाढवायचा एवढं कुणीतरी सांगतं आणि माणूस कामाला लागतो. पण आपण बोललेला शब्द कुठून कसा जातो, तो कोण कोण ऐकतं, मध्येच का तुटतो, हे बसून समजावणारं सहसा कुणी भेटत नाही. ते इथे क्रमाने सांगतो. कोणत्या जिल्ह्याची वारंवारता कोणती, रिपीटर (आवाज पुढे फेकणारं यंत्र) कुठल्या डोंगरावर आहे, कोणाचं सांकेतिक नाव काय, यातलं काहीही या लेखात नाही. यंत्रणा समजून घ्यायला त्याची गरजही पडत नाही.

१. फोनची सवय बाजूला ठेवा

फोनवर दोघं बोलतात, तिसऱ्याला पत्ता नसतो. वायरलेसवर एक बोलतो आणि त्या चॅनेलवरचे सगळे ऐकतात. नंबर लावायचा नाही, रिंग वाजायची वाट पाहायची नाही. एका वाक्यात कंट्रोल (जिल्ह्याचा नियंत्रण कक्ष), गस्तीची गाडी, चौकातला बीट मार्शल आणि वरिष्ठ अधिकारी या सगळ्यांना एकाच क्षणी खबर मिळते. गर्दीच्या बंदोबस्तात याला तोड नाही.

याची किंमतही आहे. एक बोलत असताना दुसऱ्याला बोलता येत नाही. सेटच्या बाजूच्या मोठ्या बटणाला पीटीटी (पुश-टू-टॉक, म्हणजे दाबा आणि बोला) म्हणतात. ते दाबलं की सेट पाठवू लागतो आणि ऐकणं थांबतं. म्हणजे बटण दाबून धरलेल्या माणसाला ‘थांब’ असं सांगायचा मार्गच उरत नाही. साध्या, म्हणजे डिजिटल नसलेल्या, ॲनालॉग एफएम सेटवर दोघांनी एकदम बटण दाबलं तर ज्याचा सिग्नल जोरदार तो ऐकू येतो आणि दुसरा पूर्ण दबून जातो. दोघांचा जोर सारखा असेल तर नुसती किरकिर. दबलेल्याला मात्र वाटत राहतं की आपला निरोप पोहोचला.

म्हणून पहिला धडा हा: बोलण्याआधी दोन-तीन सेकंद चॅनेल ऐका. मोकळं असेल तर बटण दाबा, एक सेकंद थांबा आणि मग बोला. हा एक सेकंद का? बटण दाबल्यावर तुमच्या सेटचा ट्रान्समीटर सुरू व्हायला, दूरच्या रिपीटरला तुमचा सिग्नल ओळखायला आणि त्याचा स्वतःचा ट्रान्समीटर उठायला थोडा वेळ लागतो. त्या वेळात उच्चारलेलं अक्षर कुणालाच ऐकू येत नाही.

शेवटाकडेही तेवढंच लक्ष द्या, कारण मराठीत नकार वाक्याच्या टोकाला येतो. ‘गेट उघडू नका’ म्हणताना बोट अर्धा सेकंद आधी सुटलं तर समोरच्याला ‘गेट उघडू’ एवढंच मिळतं, आणि दारात हजारो भाविक उभे असतात. वाक्य संपू द्या, मग बोट उचला. शक्य तिथे नकार टाळून सूचना द्या: ‘गेट बंदच ठेवा.’

२. आवाज कोणत्या वाटेने जातो

पोलिसांचे बहुतेक हातातले आणि गाडीतले सेट व्हीएचएफ पट्ट्यात चालतात. हा पट्टा ३० ते ३०० मेगाहर्ट्झचा. त्यातला १३६ ते १७४ मेगाहर्ट्झचा भाग जगभर अशा कामासाठी वापरला जातो. १५० मेगाहर्ट्झला लहरीची लांबी सुमारे २ मीटर येते.

हातातल्या सेटची ताकद साधारण ५ वॅट, गाडीतल्या सेटची २५ वॅट किंवा त्याहून थोडी जास्त. सेटवरून सेटवर, मध्ये कुणी नसताना बोलणं झालं तर त्याला सिम्प्लेक्स किंवा बोलीत ‘डायरेक्ट’ म्हणतात. गावात, इमारतींच्या गर्दीत, असा डायरेक्ट आवाज दीड-दोन किलोमीटर जातो. यात्रेच्या मैदानाला तेवढा पुरतो, तालुक्याला पुरत नाही.

तालुक्यासाठी रिपीटर लागतो. उंच जागी बसवलेलं हे यंत्र एका वारंवारतेवर तुमचा आवाज घेतं आणि त्याच क्षणी दुसऱ्या वारंवारतेवर मोठ्या ताकदीने पुन्हा फेकतं. म्हणून रिपीटरवर काम करणारा प्रत्येक सेट एका वारंवारतेवर बोलतो आणि दुसरीवर ऐकतो. चॅनेलचा खटका फिरवला की ही जोडी बदलते, तुम्हाला ती दिसत नाही एवढंच. एकाच अँटेनावर पन्नासेक वॅट पाठवायचे आणि त्याच वेळी मायक्रोव्होल्टच्या पाव भागाएवढा क्षीण सिग्नल ऐकायचा, हे अवघड काम डुप्लेक्सर नावाच्या धातूच्या नळकांड्यांचा संच करतो. आपलाच आवाज आपल्याच कानात जाऊ न देणं ही त्याची जबाबदारी.

रिपीटर कुठल्याही खरखरीवर उठू नये म्हणून तुमचा सेट आवाजाबरोबर एक बारीक टोन सतत पाठवतो. तो ६७ ते २५४ हर्ट्झच्या दरम्यान असतो आणि स्पीकर तो गाळून टाकतो. टोन जुळला तरच रिपीटर उघडतो. सेटचं प्रोग्रॅमिंग बदललं गेलं आणि टोन चुकला, तर सगळं ऐकू येईल पण तुमचं कुणालाच जाणार नाही. ‘माझा सेट ऐकतो, पण बोलत नाही’ या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच असतं.

तुम्ही रिपीटरपर्यंत पोहोचलात की नाही, हे ओळखायची सोपी खूण आहे. ॲनालॉग सेटवर बटण सोडल्यावर क्षणभर हलका ‘खस्स’ आवाज राहिला आणि मग बंद झाला, तर रिपीटर उठला होता. काहीच झालं नाही तर जागा बदला.

३. जमीन वाचायला शिका

माझ्या मते नव्या माणसाने सर्वांत जास्त वेळ इथे द्यावा. या लहरी जवळजवळ नजरेसारख्या सरळ जातात, म्हणून वॅटपेक्षा उंची मोठी. हिशोब पाठ करण्यासारखा आहे: अँटेना जमिनीपासून जितके मीटर उंच, त्याचं वर्गमूळ काढा आणि ४.१ ने गुणा. येईल तेवढे किलोमीटर त्या अँटेनाचं क्षितिज. उभ्या माणसाच्या हातातला सेट दीड मीटरवर असतो, म्हणजे सुमारे ५ किलोमीटर. ३६ मीटरच्या टॉवरचं क्षितिज सुमारे २५ किलोमीटर. भोवतालच्या मुलखापेक्षा २०० मीटर उंच असलेल्या डोंगरमाथ्याचं ५८. डोंगर आणि हातातला सेट मिळून ६३. हे मोकळ्या मैदानातलं कमाल गणित झालं, प्रत्यक्षात झाडी, घरं आणि चढउतार त्यातून वजा होतात. पण ५ वॅटचे २५ वॅट केले तरी क्षितिज तिथेच राहतं, हे ध्यानात ठेवा.

आता हेच गणित मराठवाड्यावर ठेवून पाहा. परभणी, गोदाकाठ, नांदेडचा सपाट भाग इथे फारसा अडसर नाही. चांगला टॉवर असला की दूरवर आवाज स्वच्छ. बीड आणि धाराशिवमध्ये बालाघाटच्या रांगा आडव्या येतात. मांजरसुंब्याच्या घाटात वळणागणिक सिग्नल येतो-जातो, कारण रिपीटर आणि गाडी यांच्यामध्ये कधी डोंगर असतो, कधी नसतो. कन्नडहून चाळीसगावकडे उतरणाऱ्या औट्रम घाटाचंही तसंच. सोयगाव तालुका तर अजिंठ्याच्या रांगेच्या पलीकडे, खाली खानदेशाच्या बाजूला आहे. जिल्हा तोच असला तरी मध्ये डोंगराची भिंत उभी आहे, आणि भिंतीच्या वरच्या बाजूचा रिपीटर तिच्या सावलीत पोहोचत नाही. किनवट-माहूरकडे डोंगरांत दाट जंगलाची भर पडते, आणि पावसात भिजलेली झाडी कोरड्या झाडीपेक्षा जास्त सिग्नल खाते.

ऊस उभा असताना फडातही हा अनुभव येतो. डोक्यावर हातभर वाढलेल्या ओल्या पाल्यात कमरेला सेट लावून उभ्या माणसाचा सिग्नल चांगलाच मंदावतो. बांधावर या, सेट कमरेवरून काढून तोंडाजवळ उभा धरा, फरक लगेच कळेल.

अँटेनाबद्दल आणखी एक. १५० मेगाहर्ट्झला पाव लहरीची अँटेना अर्धा मीटर लांब हवी. हातातल्या सेटवरची वीतभर रबरी अँटेना म्हणजे आत गुंडाळलेली तार असते. वागवायला सोपी, पण तिने थोडी ताकद आधीच गमावलेली असते. ती पट्ट्याला आडवी दाबून, शरीराला चिकटवून बोललात तर उरलेलीही जाते. गाडीच्या छतावर मध्यभागी बसवलेली अँटेना याच कारणाने कितीतरी सरस ठरते, कारण छताचा पत्राच तिची जमीन होतो.

नव्या हद्दीत बदली झाली की पहिल्या काही दिवसांत गस्तीला फिरताना कुठून कंट्रोल स्वच्छ लागतो आणि कुठे लागत नाही, याची डायरीत नोंद करा. कोणता फाटा, कोणतं वळण, कोणत्या टेकाडावरचं देऊळ. रात्री अपघात झाल्यावर सिग्नल शोधत पळण्यापेक्षा दोनशे मीटरवरच्या देवळाकडे सरळ जाता येतं.

४. ड्युटीवर निघताना

बॅटरी पूर्ण चार्ज आहे का, आणि हलवली तर खिळखिळी लागते का, ते पाहा. सेट ऐकत पडलेला असताना फार थोडा करंट घेतो, पण ५ वॅटवर बोलताना तो सुमारे दीड अँपिअर ओढतो. कारखाने बॅटरी किती तास चालेल हे सांगतात ते ५ टक्के बोलणं, ५ टक्के ऐकणं आणि ९० टक्के शांतता धरून. तुळजापूरच्या नवरात्रात किंवा पैठणच्या नाथषष्ठीला ही शांतता मिळत नाही, म्हणून जास्तीची बॅटरी घ्या.

उन्हाळ्यात सेट गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच पारा चाळिशी ओलांडतो, बंद गाडीत कितीतरी वर जातो. लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर तापलेली असताना चार्जला लावली तर तिचं आयुष्य घटतं. आधी थंड होऊ द्या.

अँटेना घट्ट बसलेली हवी, आणि त्याच सेटची हवी. अँटेना न लावता बटण दाबू नका, पाठवलेली ताकद परत फिरून सेटलाच मार बसतो. अँटेनाला धरून सेट उचलू नका. चॅनेल बरोबर आहे याची खात्री करा आणि कंट्रोलला एकदाच हाक देऊन आवाज कसा येतो ते विचारा. एकदाच. प्रत्येकाने तीन-तीनदा चाचणी घेतली तर पाळी बदलताना चॅनेल त्यातच अडकून पडतं.

५. बोलायचं कसं

आधी ज्याला बोलवायचं त्याचं नाव, मग आपलं. समोरून ‘बोला’ आल्याशिवाय निरोप सुरू करायचा नाही. माईक तोंडापासून चार बोटं दूर आणि किंचित तिरपा, म्हणजे श्वासाचा फुफाटा आत जात नाही. ओरडू नका. आवाज चढवला की तो फाटतो आणि कळत नाही. वाऱ्यात पाठ करून उभे राहा. हा नमुना पाहा, ‘मोबाईल तीन’ म्हणजे इथे गस्तीची एक गाडी:

‘कंट्रोल, मी मोबाईल तीन.’
‘मोबाईल तीन, बोला.’
‘मोंढा नाका. ट्रक आणि दुचाकीची धडक. जखमी दोन, एक बेशुद्ध. रुग्णवाहिका पाहिजे. एका बाजूची वाहतूक बंद. ओव्हर.’
‘मोंढा नाका, जखमी दोन, एक बेशुद्ध, रुग्णवाहिका पाहिजे. बरोबर?’
‘बरोबर, सर.’
‘१०८ ला कळवतो. वेळ दोन दोन तीन पाच.’

जागा सगळ्यात आधी आली हे पाहा. पुढचं काही तुटलं तरी मदत निघू शकते. मग काय झालं, किती माणसं, काय हवं. कसं झालं, चूक कुणाची, हे वायरलेसचं काम नाही. आणि कंट्रोलने निरोप परत म्हणून दाखवला, ती पद्धत कधीच सोडू नका. ‘ठीक आहे’ एवढ्या उत्तरावरून काय पोहोचलं ते कळत नाही.

आकडे सुटे सुटे बोला. मराठी संख्या कानाला फसवतात: त्रेसष्ट आणि त्रेपन्न, एकोणसाठ आणि एकोणसत्तर, साठ आणि आठ. खरखरीत यांत फरक उरत नाही. गाडीचा क्रमांक असेल तर ‘एम एच, दोन तीन’ असं म्हणायचं. मराठवाड्याचे कोड पाठ असू द्या: छत्रपती संभाजीनगर २०, जालना २१, परभणी २२, बीड २३, लातूर २४, धाराशिव २५, नांदेड २६ आणि हिंगोली ३८. पुढच्या इंग्रजी अक्षरांसाठी अल्फा, ब्राव्हो, चार्ली ही मालिका वापरा. बी, डी, पी, टी ही अक्षरं एरवी एकसारखीच ऐकू येतात.

गावाचं नाव एकटं कधीही देऊ नका. वडगाव, पिंपळगाव, टाकळी प्रत्येक तालुक्यात सापडतात, कधी एकाच तालुक्यात दोन-दोन. तालुका किंवा जवळचं मोठं गाव जोडा. रस्त्याचंही तसंच. परळीत ज्याला अंबाजोगाई रोड म्हणतात तोच रस्ता अंबाजोगाईत परळी रोड होतो. ‘परळीकडून येताना डाव्या हाताला’ असं दिशेसकट सांगा.

पीडितेचं नाव, अल्पवयीन मुलाची ओळख, खबऱ्याबद्दल काहीही, छापा कुठे पडणार आहे, हे उघड चॅनेलवर बोलायचं नाही. तुमच्या सेटचा आवाज चहाच्या टपरीवर उभे असलेलेही ऐकत असतात. गर्दीत हेडफोन वापरा.

६. कंट्रोल काय करतो

जिल्हा नियंत्रण कक्ष हा त्या चॅनेलचा मालक. कुणी आधी बोलायचं, कुणी थांबायचं हे तो ठरवतो आणि त्याने ‘थांबा’ म्हटलं की अधिकारीही थांबतात, निदान थांबले पाहिजेत. संकटाचा निरोप सुरू असेल तर बाकी सगळ्यांनी मौन पाळायचं.

नागरिकाने ११२ लावला की कॉल आधी राज्याच्या केंद्रात घेतला जातो. मुख्य केंद्र नवी मुंबईत, दुसरं नागपुरात. तिथून तो जिल्ह्याकडे आणि गाडीतल्या एमडीटीच्या (मोबाईल डेटा टर्मिनल) पडद्यावर येतो. पडद्याला मोबाईलचं नेटवर्क लागतं. नेटवर्क नसलेल्या वाडीवर शेवटी वायरलेसच उरतो, म्हणून एमडीटी आला तरी सेट बंद ठेवायचा नाही.

बोलण्याखेरीज लेखी बिनतारी संदेशही असतात. त्यात पाठवणारा, घेणारा, वेळ आणि तातडी ठरलेल्या जागी लिहितात. फार तातडीच्या संदेशावर ‘क्रॅश’ असतं. तो हाती आला की आधी पोहोचता करायचा. राज्याच्या बिनतारी विभागाचं मुख्यालय पुण्यात आहे आणि देशपातळीवर केंद्रीय गृह मंत्रालयाचं पोलीस वायरलेस समन्वय संचालनालय १९४६ पासून हे काम पाहतं. उपग्रहावर चालणारं पोलनेट जाळं त्याच्याच अखत्यारीत येतं.

७. डिजिटल सेट आला तर

डिजिटलमध्ये आवाजाचे आकडे करून पाठवतात. डीएमआर पद्धतीत साडेबारा किलोहर्ट्झच्या एकाच वाटेचे वेळेनुसार दोन भाग पडतात, ३०-३० मिलिसेकंदांचे, आणि दोन वेगळी संभाषणं एकाच वेळी चालतात. टेट्रा पद्धतीत २५ किलोहर्ट्झमध्ये चार. शिवाय सांकेतिक कुलूप घालता येतं, बोलणाऱ्याचा क्रमांक पडद्यावर येतो, जीपीएसवरून गाडी कुठे आहे ते कंट्रोलला दिसतं.

मोठ्या शहरात ट्रंकिंग असतं. बँकेत एकच रांग लावून जो काउंटर मोकळा होईल तिकडे माणूस पाठवावा, तसं संगणक प्रत्येक बोलण्याला त्या क्षणी मोकळी असलेली वाट देतो. वाट मिळाल्याचा बीप येईपर्यंत बोलू नका.

ॲनालॉगच्या सवयीच्या माणसाला एक फरक नडतो. ॲनालॉगमध्ये दूर जाताना खरखर वाढते आणि आधीच सावध करते. डिजिटल शेवटपर्यंत स्वच्छ राहतो आणि मग अचानक तुकडे होऊन बंद पडतो. आवाज यंत्रासारखा घोगरा, तुटक येऊ लागला की तिथेच थांबा आणि मागे या.

सेटवरचं नारिंगी किंवा लाल आपत्कालीन बटण कुठे आहे ते न बघता बोटाला सापडलं पाहिजे. अंधारात, झटापटीत तेच कामाला येतं. चुकून दाबलं गेलं तर लगेच कंट्रोलला सांगा. संकोचाने गप्प बसलात तर तुमच्यासाठी गाड्या निघतात.

८. बोलणं बंद पडलं तर

आधी चॅनेल, आवाजाचं बटण, बॅटरीची संपर्कपट्टी आणि अँटेना पाहा. मग दोन पावलं सरका. गंमत वाटेल, पण लहर २ मीटरची असल्याने भिंतींवरून परतलेल्या लहरी एका जागी एकमेकींना मारतात आणि हातभर पलीकडे जोडून येतात. इमारतीत असाल तर खिडकीपाशी या, नाहीतर गच्चीवर.

सगळ्यांचंच बोलणं अडलं असेल आणि चॅनेलवर गाडीच्या इंजिनाचा किंवा कुणाच्या गप्पांचा आवाज येत असेल, तर कुणाचं तरी बटण दबलेलं आहे. बहुधा माईकवर कुणी बसलेलं असतं. प्रत्येकाने आपला सेट तपासायचा.

रिपीटरच बंद पडू शकतो. मृगाआधीच्या वळवात आपल्याकडे विजा फार पडतात आणि टॉवर हे त्यांचं आवडतं ठिकाण. बेसाल्टच्या माथ्यावर चांगलं अर्थिंग मिळणंच कठीण, म्हणून खड्ड्यात कोळसा-मीठ भरून ओलावा टिकवावा लागतो. केबलच्या जोडात पाणी शिरलं तर ताकद परत फिरते आणि पल्ला घटतो. वीज गेल्यावर रिपीटर बॅटरीवर चालतो, पण किती तास, हे त्या बॅटरीची निगा किती राखली यावर ठरतं. या जागांवर जाऊन देखभाल करणारे तंत्रज्ञ कुणाला दिसत नाहीत, सगळं चॅनेल त्यांच्या जिवावर चालतं.

अशा वेळी डायरेक्ट चॅनेलवर या आणि माणसांची साखळी करा. एक गाडी घाटमाथ्यावर उभी करा. खालच्याचं ऐकून तिने जसंच्या तसं पुढे द्यायचं, स्वतःचा एक शब्द न घालता. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीला भूकंप झाला तेव्हा देशात मोबाईल सेवा सुरूच झालेली नव्हती. आज टॉवर गावोगावी आहेत, तरी मोठ्या आपत्तीत वीज जाते, सगळे एकदम फोन लावतात आणि नेटवर्क तुंबतं. साखळीचा सराव प्रत्येक ठाण्याने पावसाळ्याआधी एकदा तरी करावा.

९. पोलिसांत नसलेल्यांसाठी

बाजारात किंवा ऑनलाइन स्वस्त सेट मिळाला म्हणून पोलिसांच्या चॅनेलवर कान लावू नका, बोलणं तर दूरच. वायरलेस बाळगायला आणि वापरायला दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी (वायरलेस नियोजन आणि समन्वय) शाखेचा परवाना लागतो. १९३३ चा वायरलेस टेलिग्राफी कायदा त्यासाठीच होता आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यानेही हे बंधन कायम ठेवलं आहे. कमी ताकदीचे काही ठराविक सेट विनापरवाना चालतात, ते कोणते हे घेण्याआधी तपासा. खरोखर आवड असेल तर हॅम, म्हणजे हौशी, रेडिओची परीक्षा द्या. वयाच्या १२ व्या वर्षापासून देता येते, आणि परवाना मिळाल्यावर १४४ ते १४६ मेगाहर्ट्झवर रिपीटर, टोन, अँटेना हे सगळं स्वतःच्या हाताने करून शिकता येतं.

१०. पाळी संपताना

सेट पुढच्याच्या हातात देताना त्याच्यासमोर चालू करून दाखवा. बॅटरी चार्जरवर, जास्तीची बॅटरी मोजून. घाम आणि धूळ कोरड्या फडक्याने पुसा, माईकच्या छिद्रात धूळ बसली की आवाज दबतो. काही बिघाड जाणवला असेल तर नोंदवहीत नेमका लिहा: ‘खराब आहे’ यावरून तंत्रज्ञाला काहीच कळत नाही, ‘ऐकू येतं, पण घाटाच्या तिसऱ्या वळणापुढे कंट्रोलला जात नाही’ यावरून तो काम सुरू करू शकतो.